जमिनीची मोजणी होते. श्वासाची कां होत नाहीं?

सोयाबीनची सोंगणी आटोपून शेतोशेतीं सुड्या उभ्या राहिल्या, मळणीयंत्रांची घरघर सुरू झाली आणि सकाळच्या गारठ्यांत बायामाणसें कापसाच्या वेचणीस निघूं लागलीं, म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत आणखी एका आवाजास आरंभ होतो. तो आवाज खोकल्याचा. खामगांव-मलकापूरच्या बाजारांत गाड्यांची रांग लागलेली असतां तो ऐकूं येतो; घाटावर चिखली-मेहकरकडील ओट्यांवर ऐकूं येतो; घाटाखालीं पूर्णेच्या खारपाण पट्ट्यांतील घरांतूनही ऐकूं येतो. तो आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्याची कोणी चौकशी करीत नाहीं. पहाटे कोंबडा आरवावयाचा तसा घरांतील वडील माणूस खोकावयाचाच, असें आपण धरून चाललों आहों. या समजुतीविरुद्ध आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

हें मासिक शेतीचें. कपाशीवरील बोंडअळी, तुरीवरील मर, हरभऱ्यावरील घाटेअळी हे याचे नेहमींचे विषय. छातीच्या दुखण्यानें यांत जागा कां अडवावी, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, शेतीच्या सर्व अवजारांत पहिलें अवजार शेतकऱ्याचा देह होय. आणि त्या देहांत भात्याचें काम करणारीं फुप्फुसें एकदां खचलीं, म्हणजे तीस एकरांचा धनीही बांधावर बसून राहतो व जमीन बटाईनें लावतो. नांगराचा फाळ झिजला तर आपण तो त्याच दिवशीं लोहाराकडे नेतों. छातीचा भाता झिजत असतां मात्र आठ-आठ, दहा-दहा वर्षें स्वस्थ बसतों. हा विलंब कां होतो, तो कोणाच्या चुकीनें होतो आणि तो टाळतां येईल काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आमच्या परिचयाचे एक सभासद आहेत. त्यांचें नांव आम्ही देत नाहीं. त्यांच्या अनुमतीनें हकीकत मात्र देतों. घाटावरील एका गांवीं त्यांची कोरडवाहू जमीन असून गांवांतील पहिलें मळणीयंत्र त्यांनींच घेतलें. स्वतःचें आटोपल्यावर ते तें भाड्यानें देत, आणि यंत्रापाशीं स्वतः उभे राहत. पहिल्या वर्षीं दसऱ्यानंतर खोकला धरला, तो संक्रांतीस सुटला. पुढच्या वर्षीं शिमग्यापर्यंत राहिला. तिसऱ्या वर्षापासून तो गेलाच नाहीं. जवळच्या बाजारगांवीं एका डॉक्टरांनीं सुई टोचली, गोळ्या दिल्या. आठ दिवस बरें वाटलें. असें प्रत्येक हंगामांत तीन-चार वेळां घडे. मग कोणी क्षयाची शंका घेतली. थुंकी तपासली, ती निर्दोष निघाली. छातीचें चित्र काढलें, तेंही स्वच्छ. तेव्हां “तुम्हांस कांहीं नाहीं” असें सांगण्यांत आलें. दम लागूं लागला तेव्हां हृदयाचा आलेख काढला, तोही बरा. मग वय झालें, असें सर्वांनींच ठरविलें. दरसाल पायीं शेगांवास जाणारे हे गृहस्थ मोटारीनें जाऊं लागले व गुडघ्यांचें निमित्त सांगूं लागले. आम्हीं स्वतः त्यांस अडुळशाचा काढा सुचविला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे. शेवटीं नवव्या वर्षीं दूरच्या शहरीं एका डॉक्टरांनीं त्यांस एका नळींत जोरानें फुंकावयास लाविलें. श्वास बाहेर टाकण्याची त्यांची शक्ति त्यांच्या वयाच्या व उंचीच्या निरोगी माणसाच्या मानानें निम्म्यावर आली होती. तपासणीस पाव तास लागला. ती सुचण्यास नऊ वर्षें लागलीं.

हा प्रकार एकट्याचा असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु लॅन्सेट या वैद्यकीय पत्राच्या जागतिक आरोग्यविषयक अंकांत २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या गणनेप्रमाणें, ज्या रोगास डॉक्टर सीओपीडी, म्हणजे श्वासमार्गाचा दीर्घकालीन अडथळा, म्हणतात, त्याचे भारतांतील रोगी १९९० सालीं सुमारें २ कोटी ८१ लक्ष होते. ते २०१६ सालीं ५ कोटी ५३ लक्षांवर गेले. जगाच्या लोकसंख्येंत आपला हिस्सा शेंकडा १८. परंतु श्वासाच्या जुनाट रोगांनीं जगांत आयुष्याची व कार्यशक्तीची जी हानि होते, तींत आपला हिस्सा शेंकडा ३२. त्याच गणनेंत आणखी एक गोष्ट दिसून आली, ती आपण शेतकऱ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावी. या रोगाच्या भारापैकीं निम्म्याहून अधिक भार दूषित हवेकडे जातो, व त्या हवेंत घरांतल्या चुलीचा धूरही आला. सुमारें चतुर्थांश तंबाखूकडे जातो. आणि सहाव्या हिश्शाएवढा व्यवसायांतील धूळ-धुराकडे. विडी ओढली तरच छाती बिघडते, हा समज आपल्या देशापुरता तरी खोटा ठरला आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनीं २००९ सालीं, इंग्लंडमधील एका सहकाऱ्यासह, कधींच धूम्रपान न केलेल्या माणसांतील या रोगाविषयीं त्याच लॅन्सेट पत्रांत सविस्तर लिहून जगाचें लक्ष तिकडे वेधलें होतें.

शेतीच्या धुळीनें छाती बिघडते हें ज्ञानही नवें नाहीं. धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या मजुरांच्या खोकल्याचें व दम्याचें वर्णन इटलींतील रामाझ्झिनी या वैद्यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं करून ठेविलें आहे. ओलसर, बुरसटलेलें गवत हाताळल्यानंतर कांहीं तासांनीं ताप, खोकला व धाप लागते, त्या रोगाचें वर्णन इंग्लंडांत कॅम्पबेल यांनीं १९३२ सालीं केलें. आज तो शेतकऱ्याचें फुप्फुस याच नांवानें ओळखला जातो. कापसाच्या धुळीनें होणारा बिसिनोसिस तर वऱ्हाडास परका असूंच शकत नाहीं. रविवारच्या सुटीनंतर सोमवारीं कामावर जातांच छाती आवळून येते, ही त्याची खूण. गिरणींतील कामगाराच्या बाबतींत या रोगास कायद्यानें व्यवसायजन्य म्हणून मान्यता दिली आहे. शेतकरी मात्र आपला आपणच मालक. त्याची तपासणी कोणीं करावी, हा प्रश्न कोणासच पडत नाहीं.

आतां विलंबाच्या कारणांकडे वळूं. आमच्या मतें तीं मुख्यतः पांच आहेत.

पहिलें कारण देहाच्या रचनेंतच आहे. निसर्गानें फुप्फुसांत शक्तीचा मोठा सांठा ठेविला आहे. विहिरींत वरसाल थोडाथोडा गाळ बसत असतां पावसाळ्यांत पाणी कांठोकांठ दिसतें. तूट कळते ती चैत्रांत, उपसा सुरू झाल्यावर. तसेंच येथें. बारीक श्वासनलिका सुजून अरुंद होत जातात, हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या भिंती विरून जातात, तरी बसल्याजागीं माणसास कांहीं कळत नाहीं. चढावर, ओझ्याखालीं, पळतांना दम लागूं लागतो तेव्हां सांठ्याचा बराच भाग खर्ची पडलेला असतो. आणि तेव्हांही माणूस उपचार शोधीत नाहीं, चढ टाळतो. आमच्या सभासदांनीं शेगांवची पायीं वारी सोडली ती अशीच. रोग नऊ वर्षें त्यांच्यापासून लपला, कारण तेही रोज थोडथोडे आपलें काम आंखडते घेत गेले.

दुसरें कारण शब्दांचें. आपल्याकडे छातीच्या प्रत्येक जुन्या दुखण्यास दमा म्हणतात, आणि दमा म्हटला कीं घरांतील माणसें एकमेकांकडे पाहूं लागतात. लग्नाची मुलगी असेल तर हा शब्द उंबऱ्याबाहेर जाऊं देत नाहींत. वस्तुतः दमा निराळा, सीओपीडी निराळा, बुरशीच्या धुळीनें फुप्फुसाच्या अंगांतच येणारी सूज निराळी, आणि क्षय तर अगदींच निराळा. चौघांचीं औषधें चार. कपाशीचें पान लाल पडलें तर तें मॅग्नेशियमच्या उणिवेनें पडलें कीं तुडतुड्यांनीं, हें पाहिल्यावांचून जाणता शेतकरी फवारणी करीत नाहीं. छातीच्या बाबतींत मात्र आपण डोळे मिटून फवारतों.

तिसरें कारण क्षयाच्या भीतीचें. जुना खोकला आला कीं क्षयाची तपासणी प्रथम व्हावी, हें योग्यच आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर ती सरकारी दवाखान्यांत मोफत होते व प्रत्येकानें ती केलीच पाहिजे. आमची तक्रार तिच्या पुढची आहे. क्षय नाहीं असें ठरलें कीं रोग नाहीं असें समजून रोगी घरीं परततो. जेथून खरी चौकशी सुरू व्हावयाची, तेथेंच ती संपते. उलट, क्षय होऊन बरा झालेल्या पुष्कळ माणसांच्या फुप्फुसांत व्रण राहून पुढें दम लागत राहतो. त्यांसही क्षयाचें औषध पुरें झालें, आतां कांहीं नाहीं, असें सांगून वाटेस लाविलें जातें. बुरशीच्या सुजेची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. देशांतील १९ शहरांतील रुग्णालयांनीं मिळून फुप्फुसाच्या अशा रोगांची नोंद केली, ती २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत जवळजवळ निम्मे रोगी याच प्रकारचे निघाले, आणि त्यांपैकीं सुमारें निम्म्यांच्या घरीं हवा थंड करणारे कूलर होते. आपल्या विदर्भांतील उन्हाळा कूलरवांचून जात नाहीं. त्यांतील वाळ्याच्या किंवा गवताच्या टट्ट्या दोन-दोन वर्षें बदलल्या जात नाहींत, त्यांवर बुरशी चढते, आणि तीच हवा आपण रात्रभर घेतों. हा रोग पुष्कळदां क्षय समजून चालविला जातो. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी ही स्थिति आहे.

चौथें कारण साधनाचें. छातीस नळी लावून ऐकणें, क्ष-किरणांचें चित्र काढणें, बोटास चिमटा लावून प्राणवायूचा आंकडा पाहणें, हीं तिन्ही साधनें उपयोगी आहेत. पण श्वासमार्गाचा अडथळा आरंभीं या तिन्हींतून निसटूं शकतो. चित्र स्वच्छ येतें. करोनाच्या सांथींत घेऊन ठेविलेला बोटाचा चिमटा सत्त्याण्णव दाखवितो, तेवढ्यावर फुप्फुसें ठणठणीत आहेत असें कोणीही समजूं नये. हा रोग पकडणारें साधन म्हणजे श्वासमापक यंत्र, स्पायरोमीटर. खोल श्वास घेऊन तो नळींत जोरानें, पूर्ण संपेपर्यंत सोडावयाचा. जितकी हवा एकूण बाहेर आली, तिच्या शेंकडा ७० हून कमी पहिल्या सेकंदांत आली, आणि नलिका मोकळ्या करणारें औषध ओढल्यानंतरही तसेंच राहिलें, तर अडथळा आहे व तो कायमचा आहे असें समजतात. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हचिन्सन यांनीं श्वासमापक यंत्र आणि त्यावर घेतलेलीं दोन हजारांहून अधिक माणसांचीं मापें १८४६ सालीं प्रसिद्ध केलीं. त्या वेळीं खामगांवास आगगाडी यावयास अद्याप २४ वर्षें अवकाश होता. आगगाडी आली, जिन आले, वीज आली, हातोहातीं दूरध्वनि आले. हें यंत्र आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत आहे काय, असल्यास तें चालविणारा शिकलेला माणूस तेथें आहे काय, आणि गेल्या महिन्यांत तें किती वेळां वापरलें गेलें, हे तीन प्रश्न प्रत्येक वाचकानें एकदां तेथें जाऊन विचारावे.

पांचवें कारण सांगतांना आम्हांस संकोच वाटतो, कारण तें आपल्या घरांतलें आहे. ज्या सभासदांची हकीकत वर दिली, त्यांच्या पत्नीसही खोकला आहे. तो त्यांच्याहून जुना आहे. त्यांनीं विडी कधीं हातीं धरली नाहीं कीं यंत्रापाशीं उभ्या राहिल्या नाहींत. परंतु वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्यांनीं पऱ्हाटी, तुराटी व गोवऱ्या यांच्या चुलीपुढें बसून भाकरी केली. २०१६ सालच्या मे महिन्यापासून उज्ज्वला योजनेनें गॅस पुष्कळ घरांत पोहोंचला हें खरें. पण चहा गॅसवर आणि भाकरी व अंघोळीचें पाणी चुलीवर, ही वांटणी अनेक घरांत अजून चालू आहे, कारण टाकी विकत घ्यावी लागते व पऱ्हाटी शेतांतून फुकट येते. नवऱ्याचा दम नऊ वर्षांनीं मोजला गेला. बायकोचा अद्याप मोजला गेलेला नाहीं. त्यांस विचारलें तर त्या म्हणतात, “मले काय होते? धुराचा ठसका हाये.” धुराचा ठसका हेंच तर निदान आहे! पण तें त्यांस कोणीं सांगावें?

येथें दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा कीं, हा रोग मुळापासून बरा होत नाहीं, मग लवकर कळून उपयोग काय? यांत अर्धे सत्य आहे. विरलेल्या पिशव्या परत येत नाहींत. परंतु धूप झालेल्या जमिनीची वाहून गेलेली माती परत येत नाहीं, म्हणून आपण बांध घालण्याचें सोडीत नाहीं. राहिलेली माती राहावी म्हणूनच बांध घालतों. विडी सोडली, धुळीपासून दूर झालें, तर फुप्फुसाची झीज मंद होते. ओढावयाच्या औषधानें नलिका मोकळ्या राहतात, चालण्याची शक्ति वाढते, हिवाळ्यांतील उचल कमी होते. बुरशीच्या सुजेंत तर लवकर ओळखून कारण दूर केलें असतां फुप्फुस बहुतांशीं पूर्ववत् होण्याची आशा असते. उशीर झाला तर तें कायमचें घट्ट होऊन बसतें. याशिवाय, खरें निदान झालें म्हणजे खोटें औषध थांबतें. हंगामागून हंगाम टोचल्या जाणाऱ्या सुयांत पुष्कळदां जें औषध असतें, त्यानें आठ दिवस आराम पडतो. पण तें वारंवार पोटांत गेलें तर हाडें ठिसूळ होतात व रक्तांतील साखर चढते. तोंडानें ओढावयाच्या पंपास मात्र आपले लोक भितात. एकदां लागला कीं सुटत नाहीं, अशी त्याची ख्याति. पंपांतील औषधाची मात्रा गोळीच्या मानानें फारच अल्प असून ती नेमकी जेथें पाहिजे तेथें पोहोंचते. ठिबकानें मुळाशीं दिलेलें पाणी आणि सबंध वावर भिजवून दिलेलें पाणी यांतील भेद आपणांस कोणी शिकविण्याची गरज नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, हें सरकारचें काम आहे. सरकारचें आहेच. महाराष्ट्र सरकारनें १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांतील उपचार निःशुल्क केले. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाचा एक तपासणी-तक्ता आशा कार्यकर्तीनें घरीं येऊन भरावयाचा असतो. त्यांत श्वास लागतो काय, जुना खोकला आहे काय, स्वयंपाकास सरपण, गोवऱ्या किंवा पिकाचे अवशेष जाळतां काय, धूळ-धुराच्या जागीं काम करतां काय, असे प्रश्न छापलेले आहेत. म्हणजे प्रश्न विचारण्याची व्यवस्था आहे. विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरामागें यंत्रापर्यंतची वाट मात्र दिसत नाहीं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं ज्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचें उद्घाटन झालें, त्यांत आपलें बुलढाणेंही आहे. या महाविद्यालयानें पहिलें संशोधन कोणतें हातीं घ्यावें असें आम्हांस कोणी विचारलें, तर जिल्ह्यांतील खळ्याचा व चुलीचा श्वास मोजावा, असें आम्ही सांगूं.

सरकार हलत नाहीं असेंही नाहीं. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या जानेवारींत शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, कालवड आदि गांवांत माणसांचे केस एकाएकीं गळूं लागले. दोनशेंहून अधिक माणसांस टक्कल पडलें. कांहीं आठवड्यांच्या आंत वर्तमानपत्रें गाजलीं आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ज्ञ त्या गांवीं येऊन पाणी, रक्त व धान्य यांचे नमुने घेऊन गेले. हें योग्यच झालें. परंतु त्यापासून एक धडा घेण्यासारखा आहे. केस गेलेला आरशांत दिसतो, शेजाऱ्यास दिसतो, छायाचित्रांत दिसतो. श्वास गेलेला कोणासच दिसत नाहीं. जें दिसत नाहीं तें मोजून दाखवावें लागतें. आणि मोजण्याची मागणी ज्याची गरज त्यानेंच करावी लागते.

मोजण्याचें काम अडाण्यांच्या आवाक्याबाहेरचें आहे, असेंही कोणी म्हणूं नये. आपल्याच विदर्भांत, गडचिरोली जिल्ह्यांत, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनें तान्ह्या मुलांच्या न्युमोनियावर जें काम केलें, त्याचा वृत्तान्त १९९० सालीं लॅन्सेटमध्यें आला. तेथें गांवच्या आरोग्यसेवकांनीं व दायांनीं बालकाचे श्वास मोजून रोग ओळखला व औषध दिलें. ज्यांस अंक येत नव्हते त्यांच्याकरितां मणी सरकवून श्वास मोजण्याचें साधें साधन बनविलें होतें. मुलांचे मृत्यु त्यानें कमी झाले. जेथें निरक्षर दाई बालकाचा श्वास मोजूं शकली, तेथें साक्षर, बागाईतदार, सभासदांची वर्गणी वेळेवर भरणारा आपला शेतकरी संघ वडिलांचा श्वास मोजूं शकत नाहीं काय?

म्हणून आमच्या सूचना अशा आहेत. संघाच्या येत्या वार्षिक सभेनें प्रत्येक शाखेकरितां फुंकीचा वेग दाखविणारीं कांहीं साधीं यंत्रें, ज्यांस पीक-फ्लो मीटर म्हणतात, घेण्याचा ठराव करावा. एकाची किंमत साधारणपणें फवारणीच्या औषधाच्या एका डब्याएवढी असते. या यंत्रानें रोगाचें निदान होत नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों. पण पुढील तपासणीस कोणास पाठवावें हें निवडतां येतें. दुसरें, सुगी आटोपल्यावर प्रत्येक तालुक्याच्या आठवडी बाजारीं एक दिवस खरें श्वासमापक यंत्र व तें चालविणारा शिकलेला माणूस आणावा. यासाठीं जिल्हा रुग्णालय व नवें महाविद्यालय यांच्याशीं संघानें पत्रव्यवहार करावा. यंत्र विकत घेऊन कपाटांत ठेवण्यांत अर्थ नाहीं. चुकीनें फुंकविलेलें माप हें माप न घेण्याहून वाईट. तिसरें, ज्यांस जुना क्षय होऊन गेला आहे, जे मळणीयंत्रापाशीं किंवा जिनांत काम करतात, आणि ज्यांनीं वीस वर्षें चुलीपुढें काढलीं आहेत, त्यांस दम लागो वा न लागो, प्रथम बोलवावें.

घरच्या घरीं करावयाच्या गोष्टी तर आजच करतां येतील. मळणीयंत्र वाऱ्याची दिशा पाहून लावावें व माणसें वाऱ्याच्या वरच्या अंगास उभीं करावीं. कुटार ओलसर गोळा करून कोंडूं नये. बुरसटलेलें कुटार उपसणें झाल्यास नाकातोंडास उपरणें बांधून भागत नाहीं, बारीक धूळ त्यांतून आरपार जाते. चेहऱ्यास घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा वापरावा. कूलरच्या टट्ट्या दर उन्हाळ्यास बदलाव्या. पऱ्हाटीच्या गंजी घराशीं रचून वर्षभर जाळण्याची चाल सोडावी. तिच्यांतील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळीही सुप्त राहते, म्हणजे एकाच गंजींत पुढील वर्षाच्या कपाशीचा शत्रु व घरधनिणीच्या छातीचा शत्रु असे दोघे सुखानें नांदतात. पऱ्हाटी यंत्रानें बारीक करून जमिनींत गाडली तर दोघांचाही बंदोबस्त होतो. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर स्वतः एक प्रश्न विचारावा: माझा श्वास फुंकून मोजला काय? नसल्यास तो कोठें मोजला जाईल?

कामगंध सापळ्यांत लागोपाठ तीन दिवस रोज आठ-आठ पतंग आले कीं बोंडअळीनें नुकसानीची पातळी गांठली, हें आपल्या शाळकरी मुलांसही पाठ आहे. भेंडवळला अक्षय्य तृतीयेस घट मांडले जातात आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे पाऊसपाण्याचें भाकीत ऐकण्यास हजारों कान टवकारलेले असतात. जमिनीचा बांध वीतभर सरकला तर आपण मोजणीचा अर्ज करितों व फी भरून तारीख घेतों. पतंग मोजणारा, पाऊस जोखणारा आणि बांधाची वीत न सोडणारा शेतकरी स्वतःच्या श्वासाविषयीं इतका उदार कां असावा, हें कोडें आम्हांस उलगडत नाहीं.

ज्या सभासदांची हकीकत आम्हीं सांगितली, त्यांनीं ती छापण्यास अनुमति देतांना एक अट घातली आहे, ती आम्ही वाचकांपुढें जशीच्या तशी ठेवतों. बाजारीं यंत्र येईल त्या दिवशीं सभासदांस एकट्यानें बोलावूं नये; जोडीनें बोलवावें, आणि आधीं घरधनिणीचा श्वास मोजावा. नऊ वर्षें आपण डॉक्टरांचे उंबरे झिजविले, त्या साऱ्या काळांत चुलीपाशीं कोणी खोकत आहे हें आपणांस ऐकूंच आलें नाहीं, याची त्यांस लाज वाटते. ही लाज त्यांच्या एकट्याची नाहीं. ती पुसण्याचा ठराव सभेपुढें येईल तेव्हां सभासदांनीं हात वर करावा, एवढीच आमची विनंति आहे.